खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आक्कांचं बोलणं थांबलं: कॅटाटोनियाचं एक प्रकरण

अस्थिरोग वॉर्डातून आलेल्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं: 'वय ६३, स्त्री. डाव्या खुब्याचं ऑपरेशन, आज चौथा दिवस. कालपासून बोलत नाहीत, खात नाहीत, सांगितलेलं करत नाहीत. मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल. मानसिक कारण आहे का, पाहावे.'

मानसोपचार विभागाला अशा चिठ्ठ्या नेहमी येतात. शेवटच्या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आम्हाला शरीरात काही सापडलं नाही' एवढाच असतो. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्या वाक्यामुळेच. या बाईंच्या बाबतीत शरीराचं काय आणि मनाचं काय अशी वाटणी करत बसलो असतो, तर त्या दगावण्याची शक्यता होती. कॅटाटोनियात माणूस हालचाल, बोलणं, गिळणं यांपासून तुटतो आणि आतून बहुतेक वेळा जागा असतो. तो ओळखला तर काही मिनिटांत फरक दिसू शकतो. ओळखला नाही तर पाणी कमी पडून मूत्रपिंड थकतं, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते, गिळताना अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो.

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही तेच म्हणते.

सोमवार ते रविवार

आक्का दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरी मुलगा, सून, दोन नातवंडं, जनावरं. सोमवारी दुपारी जेवण करून उठल्या, मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी दाखल झाल्या, बुधवारी ऑपरेशन झालं. कमरेतून भूल दिली, खुब्याचा अर्धा सांधा बदलला. त्या रात्री सुनेशी नीट बोलल्या, चहा मागून घेतला.

गुरुवारी दुपारपासून बिघडायला लागलं. घाम, हातांना कंप, जीव घाबरा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शुक्रवारी रात्री त्या छताकडे बोट दाखवून ओरडू लागल्या, दोन्ही हातांनी सलाइन ओढून काढली. ड्यूटीवरच्या डॉक्टरने ऑपरेशननंतरचं डेलिरियम असं निदान करून हॅलोपेरिडॉल (भास आणि खळबळ शमवणारं औषध) आणि प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, पहाटे पुन्हा एकदा दिलं. वयस्कर माणसाला खुब्याच्या ऑपरेशननंतर असं भ्रमिष्टपण येणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे हा विचार गैर नव्हता.

शनिवारी सकाळी आक्का शांत झाल्या. रात्रपाळी संपवून जाणाऱ्या सिस्टरला बरं वाटलं, घरच्यांनाही. दुपारी जेवणाचं ताट आलं तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की आत्या झोपलेल्या नाहीतच. डोळे उघडे आहेत, पण पापणी क्वचितच लवते. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटतात. संध्याकाळी ताप आला. रात्री सीटी स्कॅन झाला आणि रविवारी सकाळी मला बोलावणं आलं.

खाटेभोवती तोवर तीन निदानं तयार होती. मुलगा म्हणत होता, अंगावरून वारं गेलंय. आक्कांचे दीर म्हणत होते, भूल जास्त झाली, ती उतरलीच नाही. आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हे बाहेरचं आहे असं सांगितल्यामुळे कपाळाला अंगारा लागला होता.

तिन्हींचा विचार करणं भाग होतं. अर्धांगवायूने बोलणं जातं हे खरं आहे, आणि मेंदूच्या देठातला झटका साध्या सीटी स्कॅनमध्ये सुरुवातीला निसटूही शकतो. अशा झटक्यात कधी कधी माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पण मान, हात, पाय, जीभ काहीच हलत नाही. डोळे तेवढे वर-खाली फिरतात. पण आक्कांनी शुक्रवारी रात्री दोन्ही हातांनी सलाइन उपसली होती, आणि आता तपासताना दोन्ही बाजूंची ताकद प्रतिकारात सारखीच जाणवत होती. भुलेचं म्हणाल तर कमरेतून दिलेली भूल मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि बुधवारी रात्री त्या व्यवस्थित बोलल्या होत्या. अंगाऱ्याला मी हरकत घेतली नाही. तीर्थ तेवढं तोंडात घालू नका असं कळकळीने सांगितलं, कारण गिळणं बंद असलेल्या माणसाच्या तोंडातलं चमचाभर पाणीही फुप्फुसात जाऊ शकतं.

हात लावून तपासणं

कॅटाटोनिया दुरून पाहून कळत नाही. निपचित पडलेला माणूस बेशुद्ध असेल, खचलेला असेल, रुसलेला असेल, कोमात असेल किंवा नुसता गुंगीत असेल. वेगळेपण कळतं ते त्याच्याशी बोलून, त्याचा हात हातात घेऊन. बुश आणि फ्रान्सिस यांची १९९६ सालची मापनश्रेणी यासाठी जगभर वापरतात. तिच्यात २३ लक्षणं आहेत, त्यांतली पहिली १४ चाळणीसाठी. या १४ पैकी दोन किंवा अधिक दिसली की कॅटाटोनियाची शंका पक्की धरायची. अमेरिकेच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात निकष थोडा वेगळा आहे, १२ पैकी किमान तीन. पूर्ण तपासणीला फारसा वेळ लागत नाही आणि कुठलंही यंत्र लागत नाही.

मी आधी नुसती शेजारी बसले. आक्कांची नजर पायाकडच्या खिडकीवर खिळलेली होती. डोकं उशीपासून जरा वर, मान ताठ. उशी हळूच काढली तरी डोकं तिथेच, अधांतरी. निरोगी माणसाला असं फार वेळ धरवत नाही.

उजवा हात मनगटाशी धरून कोपरात वाकवला. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात दातेरी चाक फिरवावं तसा अडत अडत वाकतो, आणि हॅलोपेरिडॉलमुळेही तसं होऊ शकतं, म्हणून ते मुद्दाम पाहिलं. इथे वेगळं होतं. सुरुवातीला एकसारखा अडसर, आणि मग हात सावकाश, मऊपणे वळत गेला. खांद्याच्या उंचीला नेऊन सोडला तर तिथेच राहिला. कॅटाटोनियातली ही मेणासारखी लवचीकता पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते. प्रत्यक्ष हाताला लागते तेव्हा शंका उरत नाही. मी जोर वाढवला तेव्हा त्यांच्याकडूनही तेवढाच जोर वाढला. मी सैल सोडलं, त्यांनीही सोडलं. हाही कॅटाटोनियातला प्रतिकार, आणि जाणूनबुजून केलेल्या विरोधाशी त्याची गल्लत फार होते. 'बाई हट्टी आहेत, तोंड उघडत नाहीत' अशी शनिवारची नोंद केसपेपरवर होती ती त्यामुळेच.

मग हात पुढे केला आणि म्हटलं, "आक्का, माझ्या हातात हात देऊ नका." त्यांचा हात चादरीवरून दोन बोटं उचलला, थांबला, परत खाली गेला, पुन्हा उचलला. दोन आज्ञांच्या मध्ये अडकलेला हात. मी डोकं खाजवल्याचा मोठा आविर्भाव केला, तेव्हा त्यांच्यात काही हललं नाही. म्हणजे नक्कल करण्याचं लक्षण नव्हतं. या श्रेणीत जीभ बाहेर काढा, सुई टोचायची आहे असं सांगून पाहण्याचीही एक पायरी आहे. घाबरलेल्या वयस्कर माणसावर ती मी करत नाही. तिच्यावाचून निदान अडत नाही.

पापणी वर उचलू गेले तर त्यांनी डोळे घट्ट मिटले. कोमातला माणूस असं करत नाही. आणि सून "आत्या" म्हणाली तेव्हा बुबुळं क्षणभर तिच्याकडे वळली आणि परत खिडकीवर गेली. आत कोणीतरी जागं होतं.

ताप १००.८, नाडी ११८, रक्तदाब दर तासाला वर-खाली. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ टक्के. मोठं हाड मोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत जाऊन असंच भान हरपू शकतं. पण तेव्हा ऑक्सिजन घसरतो, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके उठतात. दोन्ही नव्हतं. सोडियम, साखर, क्रिएटिनिन चिंता करण्यासारखं नव्हतं. स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके १४६० होतं, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या कित्येक पट. या आकड्यावर थोडं थांबते, कारण त्याच्यावरून चर्चा झाली.

ताप, ताठरपणा, भान बदललेलं, वाढलेलं सीपीके आणि नुकतंच दिलेलं हॅलोपेरिडॉल, एवढं एकत्र आलं की न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम हे नाव डोळ्यांसमोर यायलाच हवं. मानसोपचाराच्या औषधांमधली ही जिवावरची गुंतागुंत. पण खुब्याचं ऑपरेशन आणि दंडात-कुल्ल्यात दिलेली इंजेक्शनं यांनीही सीपीके वाढतं, आणि ऑपरेशननंतर ताप तर नवा नाही. त्यामुळे हे तेच, असं छातीठोक म्हणता येत नव्हतं आणि ते नाही असंही म्हणता येत नव्हतं. सुदैवाने पहिली पावलं दोन्हींत एकच आहेत: हॅलोपेरिडॉल ताबडतोब बंद, भरपूर सलाइन, ताप उतरवणं, आणि लोराझेपॅम हे मेंदूला शांत करणारं औषध. कॅटाटोनियाच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखी औषधं दिली की तो याच घातक अवस्थेकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणून निपचित पण ताठर रुग्णाला ही औषधं देण्याआधी एकदा हात उचलून पाहावा, असं मी प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगते.

पट्टी

निदान झालं, कारण बाकी होतं. कॅटाटोनिया कशाच्या तरी पोटात येतो. तीव्र नैराश्य, उन्माद, स्किझोफ्रेनिया, मेंदूचा दाह, ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), यकृत-मूत्रपिंडाचे बिघाड, औषधं सुरू होणं, औषधं बंद होणं. तरुण मुलीत असं अचानक झालं असतं तर मी सगळ्यात आधी प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या मेंदूच्या दाहामागे लागले असते. मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीविरुद्धचा हा आजार जोसेप डालमाऊ यांच्या गटाने २००७ मध्ये स्पष्ट केला, आणि त्यात बीजकोशातली गाठ शोधावी लागते. आक्कांच्या बाबतीत काळाचा धागा वेगळा होता. घाम, कंप, निद्रानाश, मग भास, मग स्तब्धता, आणि सगळं घर सोडल्यापासून पाच दिवसांत. काहीतरी मिळायचं थांबलं होतं.

मुलाला विचारलं, आई कुठली औषधं घेते? "रक्तदाबाची एक गोळी. बाकी काही नाही." दारू? तो दुखावला. तंबाखू? "मिश्री लावते फक्त." मिश्री सुटल्याने बेचैनी येते, पण एवढं होत नाही. मग सुनेला एकटीला विचारलं, रात्री झोप कशी लागते आत्यांना? ती लगेच म्हणाली, "गोळीवर लागते की. ती गोळी न्हाई का, बारीक. मामंजी गेल्यापास्नं घेत्यात." पिशवीतून अल्प्राझोलामची पट्टी निघाली, ०.५ मिलिग्रॅमची. सुरुवातीला रात्री एक होती. आता रात्री दोन आणि दुपारी एक. सोमवारी दुपारी जेवणानंतर घेतलेली शेवटची.

दाखल करताना औषधं विचारली गेली होती आणि घरच्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. आपल्याकडे झोपेची गोळी औषधात मोजत नाहीत. डोकेदुखीची, पित्ताची, झोपेची, या 'अशाच' गोळ्या. अल्प्राझोलाम खरं तर शेड्यूल एच-१ मध्ये आहे. २०१४ पासून ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. आक्कांना मात्र ती जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं मिळत होती, आणि तिच्यासोबत काय चालू होतं हे कोणी मोजत नव्हतं. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी तोल जातो, पडण्याचा आणि खुबा मोडण्याचा धोका वाढतो. मोरीत पाय घसरला तो दुपारच्या गोळीनंतर थोड्याच वेळात, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मेंदूला आवर घालणारं गाबा नावाचं रसायन असतं. अल्प्राझोलाम, लोराझेपॅम यांसारखी बेंझोडायझेपिन गटातली औषधं त्याचा परिणाम वाढवतात. वर्षानुवर्षं बाहेरून मदत मिळत राहिली की मेंदू गाबाला कमी दाद द्यायला लागतो. गोळी एकाएकी थांबली की आवर सुटतो, आणि ग्लुटामेटसारखी चेतवणारी रसायनं मोकाट होतात. कुणाला झटके येतात, कुणाला भास होतात, आणि काहींमध्ये हालचालीची आखणी करणारी, मेंदूच्या पुढच्या भागापासून आतल्या केंद्रांपर्यंत जाणारी वर्तुळंच गोठतात. याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. वर हॅलोपेरिडॉलने हालचालीला लागणारं डोपामिन हे रसायन अडवलं, म्हणजे त्याच वर्तुळाची दुसरी बाजूही बंद झाली. डेलिरियममध्ये झोपेच्या गोळ्या टाळाव्यात हा नियम योग्यच आहे. फक्त दारू किंवा याच गटातली गोळी सुटल्याने झालेलं डेलिरियम त्याला अपवाद आहे. तिथे तीच उपचार असते.

ईईजी आधी

इथे एक वाट फुटत होती. मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच वाटतो.

अशी गोळी अचानक सुटल्यावर वयस्कर माणसांत आणखी एक गोष्ट होते: झटके न येता चालू राहणारा अपस्मार. हातपाय झटकत नाहीत, तोंडाला फेस नाही. माणूस टक लावून पाहतो, बोलत नाही, गोंधळलेला असतो, आणि मेंदूत मात्र विजेचं वादळ सतत चालू असतं. दिसायला ते कॅटाटोनियासारखंच. आणि लोराझेपॅमने दोन्ही सुधारतात. म्हणजे आधी लोराझेपॅम देऊन रुग्ण बोलला, की आपण खूश होऊन कॅटाटोनिया म्हणून मोकळे होणार, आणि अपस्मार असला तर तो निसटणार. पुढचे उपचार वेगळे, औषधांची निवड वेगळी, घरच्यांना द्यायचा सल्लाही वेगळा.

म्हणून रविवार असूनही ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीच्या, तंत्रज्ञांना बोलावलं. ते आले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ईईजी हाताशी नसती तर मी लोराझेपॅम रोखून धरलं नसतं. अनेक तालुक्यांत ती नसतेच, आणि तपासणीची वाट पाहत रुग्ण कोरडा पडू देणं दोन्हींहून वाईट. पण हाताशी असेल तर ती आधी लावावी, आणि चालू असतानाच औषध द्यावं.

पडद्यावर लहरी किंचित संथ होत्या. टोकदार लहरींची अखंड रांग नव्हती. डेलिरियममध्ये दिसणारा सार्वत्रिक मोठा संथपणाही आता नव्हता. कॅटाटोनियाशी हे जुळत होतं.

ऑपरेशननंतर दुखण्यासाठी त्यांना ट्रॅमाडॉल चालू होतं. ते आणि लोराझेपॅम मिळून श्वास मंदावू शकतो, म्हणून ऑक्सिजनचं यंत्र बोटाला, श्वासाची पिशवी उशाशी. शिरेतून १ मिलिग्रॅम, सावकाश. पाच मिनिटं थांबून पुन्हा सगळी तपासणी. ठरलेली पद्धत हीच आहे. फरक दिसला नाही तर आणखी १ मिलिग्रॅम. पहिल्या डोसनंतर डोकं उशीला टेकलं, बाकी काही नाही. दुसऱ्या डोसनंतर काही मिनिटांनी आक्कांनी मान वळवली, मुलाकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "म्हस इकायची न्हाई. गाभण हाय ती."

मुलगा रडायला लागला. आदल्या दिवशी संध्याकाळी खाटेपाशी उभं राहून त्याने चुलत्यांशी रुग्णालयाच्या बिलाचा हिशेब केला होता, म्हैस विकावी लागेल म्हणाला होता. आई बेशुद्ध आहे असं धरूनच ते बोलणं झालं होतं.

कॅटाटोनियातून बाहेर आलेली सगळीच माणसं असं तपशिलात सांगू शकतात असं नाही. काहींना तो काळ अजिबात आठवत नाही. पण ऐकू येत होतं, कळत होतं, असं सांगणारी खूप भेटतात, आणि त्यांच्या सांगण्यात वारंवार येते ती भीती. आक्का नंतर म्हणाल्या की ऑपरेशननंतर पाय आडवातिडवा हलवू नका, सांधा निसटेल असं सांगितलं होतं, ते डोक्यात बसलं. हललं की काहीतरी निसटणार असं वाटत राहिलं. तहान लागली होती, पण तोंड उघडायचं कसं ते सापडत नव्हतं. म्हणून वॉर्डात मी आग्रहाने सांगते: अशा रुग्णाच्या खाटेपाशी बोलताना तो ऐकतोय असं धरूनच बोला. काय करतोय ते आधी सांगा, मग सुई लावा.

रात्रीचा डोस

श्रेणीवरचे त्यांचे गुण दुपारी १९ होते, अर्ध्या तासात ७ वर आले. संध्याकाळी चार घोट पाणी, थोडी पेज. रात्री मात्र पुन्हा नजर खिळली, ओठ मिटले.

रात्रीचा डोस दिला गेला नव्हता. सिस्टरची शंका अगदी सरळ होती: बाई आधीच गप्प पडल्या आहेत, त्यांना झोपेचं इंजेक्शन कसं द्यायचं? श्वास थांबला तर? ही शंका मी अनेक रुग्णालयांत ऐकली आहे, आणि ती काळजीपोटीच येते. लोराझेपॅमचा परिणाम काही तासच टिकतो, सुरुवातीचे दिवस तो वेळेवर मिळत राहावा लागतो, आणि कॅटाटोनिया चालू असतो तोवर एरवी गाढ झोपवणारी मात्राही रुग्णाला फारशी गुंगी आणत नाही, हे त्यांना खाटेपाशीच समजावून सांगितलं. मग कागदावर आम्ही असं लिहिलं: श्वास मिनिटाला १२ च्या खाली किंवा ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला तरच डोस थांबवून फोन करावा, रुग्ण गप्प आहे या कारणाने थांबवू नये. त्यानंतर एकही डोस चुकला नाही.

मात्रेचा हिशेबही लिहिण्यासारखा आहे. दीड मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे ढोबळमानाने ३ मिलिग्रॅम लोराझेपॅम. म्हणजे दिवसातून तीनदा १ मिलिग्रॅम दिलं तर आपण फक्त सुटलेली गोळी परत देतोय. आक्कांना दोन दिवसांत ६ मिलिग्रॅमपर्यंत न्यावं लागलं. सोबत बी-१ जीवनसत्त्व, दोन दिवस नाकातली नळी, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि फिजिओथेरपिस्टांची सकाळ-संध्याकाळ फेरी. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका असतोच. स्तब्धतेने तो आणखी वाढतो, त्यामुळे या बाबतीत हयगय चालत नाही. तिसऱ्या दिवशी ताप गेला, सीपीके उतरत होतं.

लोराझेपॅमने तीन-चार दिवसांत वाट सापडली नसती, किंवा ताप चढत राहिला असता, तर ईसीटी, म्हणजे मेंदूला वीज देऊन फिटसारखा झटका आणण्याचा उपचार. मुलाशी मी पहिल्याच दिवशी त्याबद्दल बोलून ठेवलं होतं. 'शॉक' हा शब्द ऐकून तो हादरला, आणि ते साहजिक आहे. त्याला सांगितलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही, आणि कॅटाटोनियात तिचा गुण इतर कुठल्याही आजारापेक्षा ठळक दिसतो. हा उपचार जन्मला तोच कॅटाटोनियाच्या खाटेपाशी. १९३४ च्या जानेवारीत बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेदुना यांनी कापराचं इंजेक्शन देऊन ज्याला पहिल्यांदा झटका आणला, तो रुग्ण कॅटाटोनियाचाच होता. विजेचा वापर रोममध्ये १९३८ साली सुरू झाला. आक्कांना त्याची गरज पडली नाही.

एक गोष्ट मनाला लागते. कॅटाटोनिया हे नाव देणारे कार्ल कालबाऊम यांनी १८७४ साली तो हालचालींचा आणि मनःस्थितीचा स्वतंत्र आजार म्हणून मांडला होता. पुढे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी तो ज्या आजारात घातला त्याला नंतर स्किझोफ्रेनिया म्हणू लागले, आणि शतकभर तो तिथेच अडकला. डीएसएम-५ ने २०१३ मध्ये ही गाठ सोडवली, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ ने त्याला स्वतंत्र जागा दिली. पण आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत अजूनही अनेक विद्यार्थी तो स्किझोफ्रेनियाच्या धड्यातलं एक चित्र म्हणून पाहतात: कोपऱ्यात हात वर करून उभा असलेला माणूस. म्हणून अस्थिरोग वॉर्डात, बाळंतिणीच्या खोलीत, डायलिसिसच्या खाटेवर तो समोर असला तरी आठवत नाही. आक्कांना स्किझोफ्रेनिया नाही. नवरा गेल्यानंतरचं दुःख आणि न लागणारी झोप, एवढ्यासाठी त्यांना गोळी सुरू झाली होती.

नंतर

आक्का वॉकर घेऊन घरी गेल्या. लोराझेपॅमच्या जागी हळूहळू क्लोनाझेपॅम आणलं, कारण ते शरीरात जास्त काळ टिकतं आणि कमी करताना धक्के कमी बसतात. दर काही आठवड्यांनी थोडं थोडं कमी करायचं, आणि कमी केल्यावर झोप, कंप, बोलणं यांवर सुनेने लक्ष ठेवायचं. तिला दोन खुणा सांगून ठेवल्या आहेत: घास तोंडात धरून बसणं आणि नजर खिळणं. यांतलं एक जरी दिसलं तरी आधीच्या मात्रेवर परत जायचं आणि फोन करायचा. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात दाखवावा म्हणून एक कागद दिला आहे: ही गोळी एकाएकी बंद करू नये, हॅलोपेरिडॉल देऊ नये, आणि दिल्यावर काय झालं होतं.

शेवटच्या भेटीत त्या पाव मिलिग्रॅमवर होत्या. पाच तास झोप लागते, त्यांना ती कमी वाटते. पहाटे तीनला उठून बसतात, गोठ्यात जाऊन येतात. गोळी पूर्ण बंद करायचा विषय काढला तेव्हा त्या नको म्हणाल्या. म्हैस आता दुभती आहे, दिवाळीपर्यंत घरात पाहुणे आहेत, मध्येच पुन्हा आडवं पडायचं नाही. माझ्या मते घाई करण्याचं कारण नव्हतं. आहे तीच मात्रा चालू ठेवली, दुपारची झोप बंद केली, आणि पुढची घट दिवाळीनंतरच्या तारखेला लिहिली.